नव्या स्मोकरवर पहिला मान कुणाचा?

विस्तवापाशी : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मे महिन्यात माझी पन्नाशी झाली, त्यानिमित्त मुलांनी कोळशावर चालणारा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची चूल, दिला. १८ इंची, उभ्या पिंपासारखा, मधे पाण्याची परात, वर दोन जाळ्या. अजून खोक्यातच आहे, कारण पहिल्यांदा त्यात काय करायचं यावर घरात एकमत नाही. शेजारचा टेक्सन म्हणतो, ब्रिस्केट (बीफच्या छातीचा मोठा तुकडा) सोडून दुसऱ्या कशानं सुरुवात करणं म्हणजे पाप. ऑफिसातला मित्र पोर्कचा खांदा कर म्हणतो. मेहुण्याचा हट्ट मटणाचा. ४ जुलैला वीस माणसं जेवायला आहेत, त्यातली निम्मी बीफ खात नाहीत. त्याच दिवशी उद्‌घाटन करावं असं मनात आहे. काय करू?
– एक वाचक, शुगर लँड, टेक्सस

उत्तर : पन्नाशीच्या शुभेच्छा. आधी ४ जुलैचं बघू. त्या दिवशी उद्‌घाटन करू नका. नव्या चुलीचा स्वभाव कळायच्या आत तिच्यावर वीस पानांचा स्वयंपाक कुणी टाकत नाही. जूनमधला एखादा रिकामा रविवार घ्या, घरची चार माणसं पुरेत. आणि पहिला मान द्या कोंबडीच्या तंगड्यांना. अख्खी कोंबडी नको, छाती तर नकोच. मांडीसकट तंगडी, हाडासकट, कातडीसकट. आपल्याकडच्या दुकानांत लेग क्वार्टर्स म्हणून दहा-दहा पौंडांच्या पिशवीत मिळतात, त्याच.

शेजारी हसेल. हसू दे त्याला.

कारण सांगते. तुमच्याकडे आहे तसा नवा उभा स्मोकर सुरुवातीला ताब्यात राहत नाही. झाकण आणि पिंप यांच्या सांध्यात, दाराच्या कडेला बारीक फटी असतात. वापरता वापरता चरबी आणि धुराचा काळा थर बसतो आणि त्या बुजतात. तोवर फटींतून हवा आत शिरते, कोळसा फुलतो, आणि तुम्ही २२५ अंश फॅरनहाइट धरायला बसलात की काटा २९० कडे चालायला लागतो. बारा तासांचं मांस लावून बसलेल्या माणसाचा यात जीव जातो. तंगडीला मात्र नेमकी हीच आच हवी असते. २२५ वर कोंबडीची कातडी चिवट होते, एक घास घ्यायला जावं तर सगळी कातडी सोलून हातात येते. २७५ ते ३०० वर तिच्याखालची चरबी वितळते आणि ती पातळ, खाण्याजोगी होते. म्हणजे तुमच्या हातून आच वाढली, तर ती तुमच्या पथ्यावरच पडणार.

दुसरं, तंगडी वेळेच्या बाबतीत क्षमाशील. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे, कोंबडीच्या आतलं तापमान १६५ अंशांना पोचलं पाहिजे. छाती १६५ ची १८० झाली की चोथा. तंगडीचं उलटं आहे. १६५ ला ती खाण्यास सुरक्षित होते, पण खरी लागते १७५ ते १८५ ला, कारण तिच्यातले चिवट धागे तोवर विरघळून मऊ होतात. पाहुण्याचा फोन आला, मुलाचा सॉकरचा सामना लांबला, अर्धा तास इकडेतिकडे झाला, तरी ताटात पडेल ते चांगलंच असेल. शिवाय दोन तासांत निकाल लागतो. संध्याकाळी जेवायला बसता बसता तुम्हाला कळतं की हवेची झडप किती उघडली की काय होतं, आणि पुढच्या रविवारी तीच चूक करायची नसते.

आता कृती. तिच्या आधी एक रिकामं पेटवणं करा. खोक्यातून काढला की आतून पुसून घ्या, जाळ्या साबणानं धुवा, कोळसा भरपूर घाला, सगळ्या झडपा उघड्या ठेवा आणि दोन-तीन तास नुसता तापू द्या. कारखान्यातलं तेल, वास, धूळ, सगळं जळून जातं. हा दिवस फुकट गेला असं समजू नका. खुर्ची टाकून बसा आणि काट्याकडे बघत खालच्या झडपा एकेक करून मिटवत-उघडत राहा. वरची झडप मात्र कायम उघडी. धूर आत कोंडला की मांस कडू होतं, हे मी दर उन्हाळ्यात किमान एका घरी तरी सांगते.

तंगड्या आदल्या रात्री मीठ लावून ठेवा. पौंडामागे अर्धा चमचा जाडं कोशर मीठ, आणि फ्रिजमध्ये उघड्या ताटात. मीठ रात्रभरात आत शिरतं, कातडी वरून सुकते. आपल्याकडे कोंबडी नळाखाली धुतल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. पण धुतल्यानं जंतू जात नाहीत, सिंकभर उडतात, आणि कृषी खातंही धुऊ नका म्हणतं. कागदी रुमालानं टिपा.

दही-आलं-लसणाचं वाटण लावायचा मोह होईल. आवरा. ओल्या वाटणाखाली कातडी लिबलिबीत होते आणि लसूण तीनशेच्या आचेवर करपून कडवटतो. कांदा-लसूण मसाला तर अजिबात नको, त्यातलं खोबरंही काळं पडतं. गोडा मसाला माझा जीव की प्राण, पण तो आमटीत. इथं नुसतं बेडगीचं तिखट, धणे-जिऱ्याची जाडसर पूड, भरपूर मिरी, चिमूटभर हळद. कोळसा पेटवायला घेतलात की मग लावा, त्याआधी नको. एवढंच. मुळात पहिल्या दिवशी मसाल्याच्या आड धुराची चव लपवलीत, तर धूर बरा आला की वाईट हे कळणार कसं?

कोळशासाठी पेट्रोलसारखं वास मारणारं लायटर फ्लुइड वापरू नका. पेटवायची पत्र्याची चिमणी मिळते, ती घ्या. खालच्या कड्यात न पेटवलेला कोळसा भरा आणि त्यावर चिमणीतले वीसेक फुललेले निखारे पसरा, म्हणजे आग वरून खाली हळूहळू उतरते. पाण्याच्या परातीत आज पाणी घालू नका. पाणी आच खाली ओढतं आणि आज आपल्याला ती वर हवी आहे. परात रिकामीच फॉइलनं झाकून ठेवा, चरबी तिच्यात पडेल. लाकूड म्हणून पिकानचे मुठीएवढे दोन तुकडे पुरेत. पिकान हा टेक्ससचा राज्यवृक्ष, इथं हवा तेवढा मिळतो आणि त्याचा धूर कोंबडीला सोसतो. मेस्क्वीट उग्र असतं, ते पुढे कधीतरी. लाकूड पाण्यात भिजवायचं असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर सोडून द्या. पाणी फार आत मुरत नाही, आधी नुसती वाफ निघते आणि आग मंदावते.

पेटवल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं पांढरा दाट धूर येईल. तो सिनेमातल्यासारखा दिसतो म्हणून लोक लगेच मांस ठेवतात, आणि मग जिभेवर राखेसारखी चव बसते. थांबा. धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की तंगड्या वरच्या जाळीवर मांडा, कातडीची बाजू वर, एकमेकींना न चिकटवता. झाकण लावा आणि तासभर उघडू नका. दर वेळी झाकण उघडलं की आतली ऊब जाते, शिवाय कोळशाला हवा मिळून तो नंतर भडकतो. काट्याचं म्हणाल, तर झाकणावर बसवलेला काटा शोभेचा. तो तीस-चाळीस अंशांनी सहज खोटं बोलतो. टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि उकळत्या पाण्यात घालून बघा. शुगर लँडला तो २१२ च्या आसपास दाखवायला हवा. स्मोकरवर खर्च झालाय, आणखी कशाला, असं घरचे म्हणतील. धुराच्या स्वयंपाकात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, माझं ऐका.

सव्वा तासानं बघायला सुरुवात करा. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, १७५ दिसलं की काढा. दहा मिनिटं ताटात राहू द्या.

आणि आता खरी परीक्षा. कापल्यावर हाडाजवळ गुलाबी दिसेल. सासूबाई, काकू, जे कुणी त्या दिवशी टेबलाशी असेल ते म्हणेल, “अगंबाई, कच्ची राहिली!” आणि अर्ध्या तंगड्या मायक्रोवेव्हमध्ये जातील. तसं होऊ देऊ नका. धुरातले काही वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात, त्यामुळे कडेनं गुलाबी झाक राहते. हाडाजवळची लाली वेगळी. हल्लीच्या कोंबड्या कोवळ्या असतात, त्यांची हाडं सच्छिद्र, त्यातून आतल्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो. थर्मामीटर १७५ म्हणत असेल तर ती शिजली आहे. थर्मामीटर सगळ्यांसमोर टोचून दाखवा. आमच्याकडे याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

आता तुमच्या तिन्ही सल्लागारांकडे येते.

शेजाऱ्याचं ब्रिस्केट. त्याचा अभिमान खोटा नाही. मध्य टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक कसाई स्थायिक झाले, दुकानात न खपलेलं मांस धुरावर लावून ते कागदावर विकू लागले, आणि त्यातून ही सगळी परंपरा उभी राहिली. लॉकहार्टला एकदा जाऊन या, तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर आहे. तिथलं क्रॉइझ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ चं. राज्याच्या प्रतिनिधीगृहानं १९९९ मध्ये त्या गावाला टेक्ससची बार्बेक्यू राजधानी ठरवलं. पण तिथं रोज रात्री तेच मांस, त्याच भट्टीवर, तीच माणसं लावतात. तुमच्यासमोर जो तुकडा येणार तो बारा-चौदा पौंडांचा, त्यात दोन वेगवेगळे स्नायू, एक चपटा आणि कोरडा, दुसरा जाड आणि चरबीचा, दोघांचे धागे दोन दिशांना. एक शिजेपर्यंत दुसरा वाळतो. त्यावर बारा-चौदा तास जागरण, किंमत शंभरीच्या घरात जाऊ शकते, आणि तुमचे निम्मे पाहुणे त्याला हात लावणार नाहीत. नव्या माणसानं स्वतःला एवढं का छळावं? शेजाऱ्याला सांगा, पुढच्या वर्षी त्याच्याच देखरेखीखाली करू. तो खूश होईल, आणि त्याच्या पाठीशी उभं राहून तुम्ही चार गोष्टी फुकट शिकाल.

मित्राचा पोर्कचा खांदा हा चांगला सल्ला आहे, फक्त नंबर दुसरा. इंग्रजीत त्याला बट, म्हणजे मागचा भाग, म्हणतात पण तो खांदाच, सात-आठ पौंडांचा, आत चरबीचे धागे. वाळत नाही, बिघडायला कठीण. पण वेळ खातो, २५० वर दहा-बारा तास. आणि यात एक जागा अशी येते जिथं नवखे हमखास घाबरतात. आतलं तापमान १५०-१६० पर्यंत भराभर चढतं आणि मग थांबतं. एक तास, दोन तास, कधी चार तास काटा हलतच नाही, उलट अंशभर खाली येतो. लोक समजतात आग विझली, आणि कोळसा ओततात. विझलेलं काही नसतं. मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन उडतो आणि उडताना ऊब घेऊन जातो. आपला मातीचा माठ पाणी गार करतो ते याच न्यायानं. ओलावा संपला की काटा पुन्हा चढतो. थांबायचा धीर नसेल तर याच टप्प्यावर तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. ओलावा उडायचा थांबतो, दोन-तीन तास वाचतात, फक्त वरची काळी पापडी जरा मऊ पडते. २०० च्या पुढे, साधारण २०३ ला, हाड हातानं ओढलं तर निघून येतं. तिथं काढा, टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये (बर्फ ठेवायच्या पेटीत) किमान तासभर ठेवा, मग हातानं सुटा करा.

मेहुण्याला एवढंच सांगा की त्याचा हट्ट अमेरिकेत अगदीच परका नाही. केंटकीतलं ओवन्सबरो गाव मेंढीच्या मटणाच्या बार्बेक्यूसाठीच प्रसिद्ध आहे, आणि टेक्ससमधल्या ब्रेडी गावात लेबर डेच्या सुमाराला बोकडाच्या बार्बेक्यूची स्पर्धा भरते. पण हलाल दुकानात मिळतो तो बोकड अंगानं कोरडा, चरबी कमी. उघड्या धुरावर सहा तास ठेवलात तर दोरखंड हाती लागेल. शिवाय दुकानदार विचारायच्या आत करवत चालवून रश्शाचे तुकडे करून देतो. तुम्ही सांगा, अख्खा दस्त (खांद्यासकट पुढचा पाय) हवा, कापू नको. तीन तास धुरावर, मग थोडा स्टॉक घालून फॉइलमध्ये बंद, हाड सुटेपर्यंत. दिवाळीच्या सुमारास, हवा जरा निवली की करा, आणि मेहुण्यालाच कोळशाशी बसवा.

मी मूळची मालवणकडची, तेव्हा बांगड्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगणार. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून, वाळवून, मंद धुरावर लावलेला बांगडा काय लागतो! अंगच्या तेलामुळे तो धूर पिऊन घेतो. पण पहिल्या दिवशी बांगडा लावलात तर पुढच्या चार रविवारच्या कोंबड्या त्याचं नाव घेतील. माशांसाठी मी वेगळी जाळी ठेवते.

आता ४ जुलै. तोवर एक रविवार तंगड्या आणि एक रविवार खांदा झालेला असेल, तर आठ-आठ पौंडांचे दोन खांदे ३ तारखेच्या रात्री लावा. शिजताना वजन जवळपास निम्म्यावर येतं, तरी बाकीच्या पदार्थांसोबत वीस जणांना पुरेल. सकाळी ते कूलरमध्ये गेले की रिकाम्या जाळ्यांवर दुपारी तंगड्या. मक्याची कणसंही तिथंच. एक खबरदारी : एरवी शिजलेलं मांस बाहेर दोन तास चालतं, पण हवा ९० अंशांच्या वर असेल तर तासच. आपल्या जुलैत ती कायम वर असते. तेव्हा उरलेलं टेबलावर ठेवून पत्ते कुटत बसू नका.

प्रश्न : नवऱ्यानं विजेवर चालणारा कपाटासारखा स्मोकर आणलाय. मी शाकाहारी आहे. तो म्हणतो, तुझंही होईल यात. माझं नक्की काय होईल? वांग्याचं भरीत जमेल का? आम्ही टाउनहाउसमध्ये राहतो, तो गॅरेजमध्ये लावायचा म्हणतोय.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : गॅरेजमध्ये मुळीच नाही, दार उघडं ठेवूनही नाही. विजेचा असला तरी आत लाकडाच्या ढलप्या धुमसतात आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बाहेर, भिंतीपासून लांब. आणि टाउनहाउस आहे तर रहिवाशांच्या संघटनेचे नियम आधी वाचा, शेजारणीची खिडकी कुठं उघडते तेही बघा.

तुमच्या घरी पहिला मान तुमचा. यात तडजोड करू नका. कपाटाच्या भिंतींना एकदा चरबीचा थर बसला की तुमच्या पनीरला कायम पोर्कचा वास येईल. सुरुवातीचे दोन-तीन घाणे शाकाहारी होऊ द्या, आणि एक जाळी खूण करून तुमच्यासाठी राखून ठेवा.

भरिताबद्दल माझं मत वाईट आहे. भरिताला जी चव येते ती साल जळून काळी झाल्यामुळे. हे कपाट बहुधा २७५ च्या वर जात नाही. वांगं मऊ होतं, धूर लागतो, पण साल चामड्यासारखी राहते आणि चव अर्धवट. भरीत गॅसच्या उघड्या जाळावरच करा. यात लावा टोमॅटो. पिकलेले, अर्धे कापलेले, कापलेली बाजू वर, २२५ वर दीड-दोन तास, सफरचंदाच्या किंवा चेरीच्या ढलप्या. सोबत सालीसकट लसणाचा गड्डा. त्याचं सार करा, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. किंवा हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून चटणी. पनीर लावायचं तर मोठी लादी, तेल चोळून, तासाच्या आत काढा. पुढे ते रबर होतं. आणि कपाट तापलेलंच आहे तर कोपऱ्यात एका पसरट ताटात जाडं मीठ ठेवून द्या, चार तासांनी धुरकट मीठ तयार. ताकात चिमूटभर घालून बघा.

प्रश्न : धुरावरचं मांस कॅन्सरला आमंत्रण असं माझी मुलगी म्हणते. खरं आहे का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : मुलगी उगाच बोलत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोग होतो असा पुरेसा पुरावा असलेल्या गटात, आणि त्यांच्या व्याख्येत धुरावर टिकवलेलं मांसही येतं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, हेही मुलीला सांगा. निखाऱ्यावर चरबी ठिबकून जो धूर उठतो त्यात नको ती द्रव्यं जास्त असतात, म्हणून ठिबक पकडणारी परात काढून टाकू नका आणि करपलेला भाग खाऊ नका. मी दर आठवड्याला धुरावरचं खात नाही. सणासारखं ठेवते.

प्रश्न : ताई, मुलीकडे डॅलसला असताना तुमचं सदर वाचायचो. परत आल्यावर गल्लीतल्या वेल्डरकडून पत्र्याच्या पिंपाचा स्मोकर करून घेतलाय. इथं पिकान, हिकरी काही मिळत नाही. लाकूड कुठलं? आणि पहिल्यांदा गावरान कोंबडी लावू का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पिंपात आधी काय होतं ते वेल्डरला विचारा. रसायनाचं पिंप असेल तर ते फुलझाडांना द्या, स्वयंपाकाला नको. खाद्यतेलाचं असेल तर आतला लेप आणि बाहेरचा रंग मोठ्या जाळावर पूर्ण जळू द्या, मग घासून काढा. जाळी किंवा आतली पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली नको. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो, तो विषारी. साधं लोखंड किंवा स्टेनलेस.

लाकडाची चिंता करू नका. पेरूचं लाकूड उत्तम, धूर सौम्य आणि गोडसर. कुणाच्या बागेत छाटणी झाली की मागून आणा आणि काही महिने वाळवा. आणि गावाबाहेर माळावर जी वेडी बाभूळ माजलीय ना, ती मेस्क्वीटच्याच कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. टेक्ससमध्ये लोक मेस्क्वीट पिशवीतून विकत घेतात. उग्र असते, थोडीच घाला. कण्हेर चुकूनही नको, ती विषारी. प्लायवूड, पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या, रंगवलेलं काहीही नको. पावसाळ्यात लाकूड आणि कोळसा दोन्ही घरात ठेवा, दमट कोळसा धुमसत बसतो.

गावरान कोंबडी नको. तिला चरबी कमी, अंग घट्ट, तिची जागा रश्शात. ब्रॉयलरच्याच तंगड्या घ्या, पण दुकानात आधीच सांगा, कातडी काढू नको. आपल्याकडे न विचारता सोलून देतात. कातडीशिवाय मिळाल्या तर तूप चोळा आणि आच जरा कमी, १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. कातडीसकट असतील तर १३५ ते १५०. आतलं तापमान ८० सेल्सिअस झालं की उतरवा. बाकी सगळं वरच्या शुगर लँडच्या उत्तरात आहे, मसाल्याचंही. आषाढ संपायच्या आत उरकून घ्या, नाहीतर मग एकदम गणपती झाल्यावर.